अक्षराची लांबी : स्ट्रिंग-फंक्शनांच्या इतिहासाची एक वाङ्मयीन तपासणी

१

‘संहिता’ या संकल्पनेचा विचार मराठी समीक्षेने गेल्या काही दशकांत पुष्कळ केला आहे. संहितेचा कर्ता कोण, तिचा वाचक कोण, एका संहितेत दुसरी किती मुरलेली असते, हे प्रश्न आता आपल्या परिचयाचे आहेत. मात्र संहितेचा लहानात लहान घटक कोणता, हा प्रश्न आपण वैयाकरणांकडे आणि छंदःशास्त्रज्ञांकडे सोपवून मोकळे झालो. तो प्रश्न आज वेगळ्याच दाराने परत आला आहे. संतवाङ्मयाच्या शब्दसूची, नियतकालिकांचे निर्देशांक, ग्रंथालयांच्या तालिका, हस्तलिखितांच्या नोंदी आता संगणकावर तयार होतात आणि त्यांच्या तळाशी बहुधा रिलेशनल डेटाबेस असतो. माहितीची मांडणी तक्त्यांत, तक्त्यांतील ओळींत आणि रकान्यांत करणारी ही व्यवस्था आहे. रकान्यात मजकूर असला की त्याला स्ट्रिंग म्हणतात. म्हणजे एकापुढे एक ओवलेल्या चिन्हांची माळ. ही माळ मोजणे, तोडणे, उलटी करणे, तिच्यातील मणी बदलणे यांसाठी डेटाबेसबरोबरच काही तयार क्रिया मिळतात. लेंग्थ, सबस्ट्रिंग, राइट, ट्रिम, रिप्लेस, रिव्हर्स, साउंडेक्स ही त्यांची नावे. त्यांना अंगभूत फंक्शने म्हणतात.

ही फंक्शने म्हणजे निव्वळ अवजारे आहेत, कात्री किंवा फूटपट्टी यांच्यासारखी तटस्थ आहेत, असा समज अभ्यासकांतही आढळतो. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य याच्या उलट आहे. प्रत्येक स्ट्रिंग-फंक्शन हा वाचनाचा एक गोठलेला निर्णय असतो. ‘अक्षर म्हणजे काय’, ‘दोन शब्द सारखे केव्हा’, ‘आधी कोण, नंतर कोण’ या प्रश्नांची उत्तरे त्यात आगाऊ देऊन ठेवलेली असतात. त्या उत्तरांना इतिहास आहे. एखाद्या जुन्या संपादकाचे पूर्वग्रह आपण जसे तपासतो, तसा तो इतिहास तपासल्याशिवाय संगणकीय शब्दसूचीवर आधारलेले कोणतेही वाङ्मयीन विधान निःशंकपणे करता येणार नाही.

२

स्ट्रिंगवरील क्रियांचा उगम केवळ गणितात किंवा व्यापारात झाला असे नाही. त्यात भाषाभ्यासाचा वाटा मोठा आहे, ही गोष्ट आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे. रॉबेर्तो बुसा हे इटलीतील जेझुइट धर्मोपदेशक. संत थॉमस अक्वायनस यांच्या लॅटिन ग्रंथांची संपूर्ण शब्दसूची करण्याच्या हेतूने ते १९४९ साली न्यूयॉर्कमध्ये आय.बी.एम.चे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटले. सुमारे एक कोटी शब्दांची ही सूची पुढे तीन दशकांनी छप्पन्न खंडांत पूर्ण झाली. छिद्रपत्रांवरचा मजकूर यंत्राने लावता येतो, पण विकारी रूपांच्या मागचा मूळ शब्द ठरवणे हे माणसाचे काम आहे, याची जाणीव या प्रकल्पात अखेरपर्यंत होती. त्यानंतर १९५७-५८ च्या सुमारास एम.आय.टी.मधील व्हिक्टर यंग्वे यांनी यांत्रिक भाषांतराच्या संशोधनासाठी ‘कॉमिट’ ही भाषा रचली. १९६२ पासून बेल प्रयोगशाळेत डेव्हिड फार्बर, राल्फ ग्रिस्वोल्ड आणि इव्हान पोलोन्स्की यांनी ‘स्नोबॉल’ घडवली. या भाषांत मजकूर शोधणे, तोडणे आणि पुन्हा लिहिणे हेच मुख्य कार्य होते.

रिलेशनल डेटाबेसचा प्रवाह याहून वेगळा. आय.बी.एम.च्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेतील गणितज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. माहितीचा विचार गणितातील ‘संबंध’ या संकल्पनेच्या आधारे करावा, हा त्याचा गाभा. या विचारव्यूहात तक्त्याच्या प्रत्येक घरातील मूल्य ‘अणू’ मानले जाते. व्यवस्थेच्या दृष्टीने ते अविभाज्य असते. पुस्तकाचे शीर्षक हे एक मूल्य. त्याच्या आत काय आहे याच्याशी संबंधांच्या गणिताला कर्तव्य नाही.

येथेच एक तात्त्विक पेच उभा राहतो. मूल्य अविभाज्य असेल तर त्याचे पहिले तीन वर्ण काढून देणारे सबस्ट्रिंग हे फंक्शन नेमके काय करते? ते अणू फोडते. कॉड यांच्या विचाराचे प्रमुख भाष्यकार क्रिस डेट यांनीही पुढे हाच मुद्दा मांडला : अणुत्वाला निरपेक्ष अर्थ नाही, कारण स्ट्रिंग नेहमीच तोडता येते. संस्कृत परंपरेत ‘अक्षर’ या शब्दाची व्युत्पत्ती ‘जे क्षर नाही ते’ अशी सांगतात. ज्याला आपण अविनाशी म्हटले आणि ज्याला कॉडने अविभाज्य म्हटले, ते दोन्ही एकाच फंक्शनाच्या पात्याखाली येतात. फरक इतकाच, की तोडण्याची जागा कोणती हे पाते चालवणारा ठरवत नाही. ती जागा आधी कोणीतरी ठरवलेली असते.

३

डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ साली कॉडच्या प्रतिमानावर आधारलेली प्रश्नभाषा मांडली. तिच्या मूळ नावात ‘इंग्लिश’ हा शब्द होता. गणिताचे शिक्षण नसलेल्या माणसालाही इंग्रजीसारख्या वाक्यांतून माहिती विचारता यावी, ही त्यामागची दृष्टी होती. व्यापारचिन्हाच्या अडचणीमुळे मूळचे ‘सीक्वेल’ हे नाव आखडून ‘एसक्यूएल’ झाले. नावातले ‘इंग्लिश’ गळाले, पण इंग्रजी लिपीविषयीची गृहीतके भाषेच्या अंगात राहिली. १९८६ च्या पहिल्या अमेरिकी प्रमाणकात मजकुरासाठी ‘लाइक’ हे जुळणीचे साधन होते. मोजणी-तोडणीची फंक्शने त्यात नव्हती. ती १९९२ च्या प्रमाणकात आली. तोपर्यंत प्रत्येक उत्पादकाने आपापली फंक्शने आपापल्या अर्थाने रूढ केली होती.

या १९९२ च्या प्रमाणकातील दोन गोष्टी वाङ्मयाच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्याव्यात. पहिली, त्यात सामान्य ‘कॅरेक्टर’ या प्रकाराबरोबर ‘नॅशनल कॅरेक्टर’ असा निराळा प्रकार आला. प्रत्यक्ष व्यवहारात याचा अर्थ असा झाला, की इंग्रजीचे अक्षर ते नुसते अक्षर आणि इतरांचे ते ‘राष्ट्रीय’ अक्षर. विशेषणाशिवाय येणारे नाम सत्ता कोणाची आहे ते सांगते. एसक्यूएल सर्व्हर या प्रणालीत देवनागरी शब्दाआधी राष्ट्रीयत्वदर्शक ‘एन’ लिहायचे विसरले, की कित्येकदा शब्दाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटते. अक्षरांचे इतके शब्दशः प्रश्नचिन्हांकन देरिदालाही सुचले नसते!

दुसरी गोष्ट अधिक मूलगामी आहे. या प्रमाणकाने लांबी दोन प्रकारची मानली : चिन्हांची लांबी आणि ऑक्टेटांची, म्हणजे आठ बिटांच्या साठवणघटकांची, लांबी. इंग्रजीत या दोन्ही संख्या एकच येत असल्यामुळे भेद केवळ औपचारिक वाटे. मराठीत तो तसा नाही. ‘क्षितिज’ हा शब्द घ्या. आपण त्याला तीन अक्षरी म्हणतो : क्षि, ति, ज. युनिकोडमध्ये तो सात संकेतचिन्हांचा आहे : क, हलन्तचिन्ह, ष, ऱ्हस्व इकाराची खूण, त, पुन्हा तीच खूण, ज. यूटीएफ-८ या प्रचलित साठवणपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक संकेतचिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून त्याची लांबी एकवीस. आता मायएसक्यूएलमधील लेंग्थ हे फंक्शन एकवीस सांगेल. पोस्टग्रेएसक्यूएलमधील त्याच नावाचे फंक्शन सात सांगेल. ओरॅकलमध्ये लेंग्थ सात सांगेल, पण ‘वीस’ इतक्या लांबीचा म्हणून आखलेला रकाना मूळ व्यवस्थेत बाइटांनी मोजला जात असल्याने हा तीन अक्षरी शब्द त्यात मावणारच नाही. तीन, सात आणि एकवीस यांपैकी ‘खरी’ लांबी कोणती, या प्रश्नाला उत्तर नाही. प्रत्येक संख्या एका वेगळ्या अक्षरकल्पनेची लांबी आहे.

हा प्रश्न मराठी साहित्यशास्त्राला नवा नाही, हे मुद्दाम नोंदवले पाहिजे. आपल्या छंदःशास्त्रात लांबीच्या मापनाच्या एकाहून अधिक पद्धती आधीपासून नांदत आहेत. मा. त्रिं. पटवर्धन यांच्या ‘छंदोरचने’त अक्षरसंख्येवर उभा असलेला छंद, लघुगुरूंच्या क्रमावर उभे असलेले वृत्त आणि मात्रासंख्येवर उभी असलेली जाती यांचा भेद काटेकोरपणे केला आहे. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी सहा आणि चौथ्यात चार, अशी बावीस अक्षरे. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण. येथे जोडाक्षर हे एकच अक्षर धरले जाते आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेद मोजणीत येत नाही. मात्रावृत्तात मात्र तोच भेद निर्णायक ठरतो. म्हणजे ‘किती लांब?’ या प्रश्नाआधी ‘कशाने मोजायचे?’ हा प्रश्न येतो, हे आपल्या परंपरेला ठाऊक होते. डेटाबेसातील फंक्शन हा दुसरा प्रश्न विचारतच नाही. त्याचे उत्तर नावातच लपवून ठेवते.

यमकाच्या अभ्यासात हे अधिक स्पष्ट होते. शब्दाच्या उजवीकडील ठरावीक चिन्हे काढून देणारे ‘राइट’ हे फंक्शन वापरून अभंगांतील अंत्ययमके गोळा करायची, असे कोणी ठरवले तर? एक चिन्ह मागितले असता ‘वन’ आणि ‘मन’ यांतून ‘न’ हे पूर्ण अक्षर मिळते. पण ‘गोडी’ आणि ‘मोठी’ यांतून केवळ दीर्घ ईकाराची खूण हाती येते आणि यंत्र या दोन शब्दांचे यमक जुळले असे जाहीर करते. दोन चिन्हे मागितली तर ‘डी’ आणि ‘ठी’ यांचा भेद कळतो. पण ‘वन’ आणि ‘मन’ यांची जोडी तुटते, कारण आता ‘वन’ची ‘मन’शी संपूर्ण शब्दाने तुलना होते. संख्या तीच, घटक निराळे. अशा गणनेतून निघालेला यमकांचा कोणताही तक्ता कवीच्या शैलीविषयी काही सांगण्याऐवजी साठवणीच्या रीतीविषयीच सांगत असतो.

४

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते : हे परकीय यंत्र आहे, ते रोमन लिपीसाठी घडले, आपली लिपी त्याला पेलत नाही. हे उत्तर सोयीचे आहे, पण अपुरे आहे. देवनागरीचे विभाजन कोठे करायचे हा निर्णय भारतातच झाला. सत्तर-ऐंशीच्या दशकांत कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये विकसित झालेल्या कामातून ‘इस्की’ ही भारतीय लिपींची संकेतप्रणाली आकाराला आली. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये तिला प्रमाणकाचा दर्जा दिला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावरून घेतली. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिपींना एकच ध्वन्याधिष्ठित चौकट द्यावी, म्हणजे एका लिपीतून दुसरीत जाणे सुकर होईल, ही त्यामागची भूमिका होती. तिची मुळे आपल्या शिक्षाग्रंथांत आणि प्रातिशाख्यांत शोधता येतात.

परिणामी साठवण ध्वनीच्या क्रमाने होते, दृश्याच्या क्रमाने नव्हे. ऱ्हस्व इकाराची खूण कागदावर व्यंजनाच्या आधी येते, पण स्मृतीत नंतर ठेवली जाते. ‘अर्क’मधील रफार ‘क’च्या डोक्यावर दिसतो, पण ‘क’च्या आधी साठवला जातो. थाई लिपीचा मार्ग याच्या उलट आहे. तिच्यात व्यंजनाआधी लिहिला जाणारा स्वर आधीच साठवला जातो. म्हणजे थाई प्रणालीने लेखनाला प्रमाण मानले, भारतीय प्रणालीने उच्चाराला. चिन्हक हा काळात उलगडणारा, एकरेषीय असतो, असे सोस्यूर मानत असे. देवनागरीचे पान एकरेषीय नाही, पण तिची साठवण एकरेषीय करण्यात आली. ध्वनिकेंद्री विचाराचा हा विजय येथे परकीय नसून स्वदेशी आहे, हे ध्यानात घेतल्याशिवाय या इतिहासाचा अन्वय लागत नाही.

‘रिव्हर्स’ हे फंक्शन या निर्णयाची किंमत दाखवून देते. ‘नवीन’ हा शब्द अक्षरशः उलटसुलट सारखाच आहे : न, वी, न. यंत्राने उलटला तर ईकाराची खूण भलत्या व्यंजनाला चिकटते आणि ‘नीवन’ असा निरर्थक आकार मिळतो. या भूमीत शब्द उलटण्याच्या कलेलाही मोठी परंपरा आहे. सोळाव्या शतकात पार्थपूर, म्हणजे आजचे पाथरी, येथील दैवज्ञ सूर्यकवीने ‘रामकृष्णविलोमकाव्य’ रचले. एका दिशेने वाचले असता रामाची आणि उलट दिशेने वाचले असता कृष्णाची कथा, अशी त्याची रचना आहे. हा कवी भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर आणि ‘बीजगणिता’वर टीका लिहिणारा गणितीही होता, हा योगायोग मनोज्ञ आहे. त्याच्या विलोमाचा घटक अक्षर आहे; त्याचा स्वर त्याच्यापासून सुटत नाही. त्याहून जुन्या वैदिक जटापाठात क्रम उलटतो तो पदांचा, वर्णांचा नव्हे. उलटणे म्हणजे काय, याची ही तीन उत्तरे आहेत : पद, अक्षर आणि संकेतचिन्ह. पहिली दोन कशासाठी उलटायचे या हेतूतून आली. तिसरे हेतूशिवाय आले.

येथे पाणिनीचे नाव घेण्याचा मोह होतो. शिवसूत्रांतील आरंभीचा वर्ण आणि शेवटचा इत्संज्ञक वर्ण घेऊन मधल्या सर्वांचा निर्देश करणारा प्रत्याहार हा सबस्ट्रिंगसारखा वाटतो. आदेश हा रिप्लेससारखा आणि लोप हा रिकाम्या स्ट्रिंगसारखा भासतो. पण हे साम्य दाखवून अभिमान बाळगण्यात काही हशील नाही. अष्टाध्यायीतील आदेश कोणत्या परिस्थितीत व्हावा हे सूत्र स्वतः सांगते. त्याला पूर्वीचा आणि नंतरचा संदर्भ असतो. डेटाबेसमधील रिप्लेस संदर्भ जाणत नाही. साम्यापेक्षा हा भेदच आपल्याला अधिक शिकवणारा आहे.

अक्षराच्या व्याख्येचा हा इतिहास अजून संपलेला नाही. वाचकाला जे एकसंध वाटते असे चिन्हसमूह ओळखण्याचा युनिकोडचा एक स्वतंत्र नियम आहे. २०२३ पर्यंत हा नियम हलन्तचिन्हानंतर तोडत असे, त्यामुळे ‘क्षितिज’चे चार घटक पडत : क्, षि, ति, ज. त्या वर्षीच्या १५.१ या आवृत्तीपासून देवनागरीतील जोडाक्षर अखंड मानले जाऊ लागले आणि घटक तीन झाले. अभंगकर्त्याची मोजणी आंतरराष्ट्रीय प्रमाणकाच्या हिशेबात यायला २०२३ उजाडले. नेहमीच्या लेंग्थ फंक्शनात ती अजूनही आलेली नाही.

५

फंक्शनांचा इतिहास केवळ लिपीचा इतिहास नाही, तो राज्यव्यवहाराचाही आहे. ‘साउंडेक्स’ हे फंक्शन याचे ठळक उदाहरण. रॉबर्ट रसेल यांना १९१८ साली अमेरिकेत त्याचे पेटंट मिळाले, म्हणजे संगणकाच्या कितीतरी आधी. वेगवेगळ्या रीतीने लिहिलेली पण सारखी ऐकू येणारी आडनावे एका ठिकाणी यावीत, हा हेतू. नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवायचे, स्वर गाळायचे, उरलेल्या व्यंजनांना गटवार अंक द्यायचे आणि तीन अंकांवर थांबायचे. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यानंतर वृद्धांना वयाचा पुरावा देणे भाग पडले, तेव्हा जुन्या जनगणनांच्या पत्रिका याच पद्धतीने लावण्यात आल्या. १८८० च्या जनगणनेची सूची तर दहा किंवा त्याहून कमी वयाची मुले असलेल्या घरांपुरतीच केली गेली, कारण निवृत्तिवेतनाचे दावेदार त्या मुलांतूनच येणार होते. स्थलांतरितांच्या देशात कारकुनाच्या कानावर पडलेले नाव आणि त्याने लिहिलेले नाव यांतील अंतर मिटवण्याचा हा शासकीय उपाय होता.

हाच उपाय आज प्रमुख डेटाबेसांत अंगभूत फंक्शन म्हणून बसला आहे. मायएसक्यूएलची माहितीपुस्तिका ते इंग्रजी भाषेतील शब्दांसाठी योजले असल्याचे सांगते. पण फंक्शन स्वतः हे सांगत नाही. रोमन लिपीत लिहिलेली मराठी आडनावे त्याच्या स्वाधीन केली की काय होते? ‘काळे’ आणि आयरिश ‘केली’ दोघांनाही ‘के४००’ हा एकच संकेत मिळतो. ‘वाघ’ हे आडनाव मात्र एकाने ‘डब्ल्यू’ने आणि दुसऱ्याने ‘व्ही’ने लिहिले तर ‘डब्ल्यू२००’ आणि ‘व्ही२००’ असे दोन माणसांत विभागले जाते, कारण पहिले अक्षर पवित्र मानलेले आहे. ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’ यांचा भेद रोमन लेखनातच पुसला गेलेला असतो. परदेशांतील ग्रंथालयांच्या तालिकांत मराठी लेखकांची नावे रोमन लिप्यंतराने नोंदलेली असतात. तेथे ध्वनिसाम्यावर विसंबणाऱ्या शोधात एकच लेखक दोन होऊ शकतो आणि दोन लेखक एक. ‘सारखे ऐकू येणे’ हे कोणाच्या कानाला, हा प्रश्न वासाहतिक भाषाव्यवहाराच्या अभ्यासकाला अपरिचित नसावा.

क्रमाचेही असेच आहे. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ अखेरीस. संकेतांच्या निव्वळ अंकांप्रमाणे लावले तर ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठोपाठ, ‘व’च्याही आधी येतो आणि ‘क्ष’ व ‘ज्ञ’ हे अनुक्रमे ‘क’ आणि ‘ज’ यांच्या पोटात जातात. ‘क’ने सुरू होणारे शब्द मागितले असता ‘क्षमा’ही हजर होते. मराठीचा क्रम पाळणारे कोलेशन निवडता येते. पण ते निवडावे लागते. न निवडणे हाही निर्णयच असतो, फक्त तो दुसऱ्याने घेतलेला असतो.

६

सर्वांत गंभीर प्रश्न मजकूर ‘स्वच्छ’ करणाऱ्या फंक्शनांचा आहे. डोळ्यांना सारखे दिसणारे शब्द यंत्राला भिन्न असू शकतात. ‘ॲ’ या स्वराला युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेत २००८ साली मिळाला आणि महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने ‘ॲ’ व ‘ऑ’ यांना मराठी वर्णमालेत स्थान दिले. त्याआधीच्या मजकुरात हाच स्वर ‘अ’ला अर्धचंद्राची खूण जोडून लिहिला जाई. हे दोन लेखनप्रकार युनिकोडच्या नियमांनी समान ठरत नाहीत. साहजिकच एका प्रकाराने शोधणाऱ्याला दुसऱ्या प्रकारातील नोंदी दिसत नाहीत.

‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ या शब्दांचे उदाहरण याहून बोलके आहे. पहिला शब्द स्वयंपाक्यांसाठी, दुसरा गुरूंसाठी. मराठीचे वैशिष्ट्य असलेला हा अर्धा ‘ऱ’ दोन प्रकारांनी साठवला जातो : कधी स्वतंत्र ‘ऱ’ या संकेताने, तर कधी साध्या ‘र’नंतर एक अदृश्य संधिचिन्ह घालून. अदृश्य चिन्हे म्हणजे कचरा, अशा समजुतीने कोणी रिप्लेस फंक्शनाने ती काढून टाकली, तर दुसऱ्या प्रकारे लिहिलेले सगळे आचारी एका आज्ञेसरशी आचार्य होतात. पान पूर्वीसारखेच शुद्ध दिसते, अर्थ मात्र बदललेला असतो आणि बदलाची कोठेही खूण राहत नाही.

शुद्धलेखनाच्या इतिहासाशी या फंक्शनाची गाठ पडते तेव्हा धोका वाढतो. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेले. ‘नांव’चे ‘नाव’ झाले, ‘कांहीं’चे ‘काही’ झाले. जुन्या आणि नव्या मजकुरांत एकच शोध चालावा म्हणून सर्व अनुस्वार रिप्लेसने पुसावेत, अशी सूचना सहज सुचते. पण त्या एका आज्ञेने ‘संत’चे ‘सत’ होते आणि ‘अंग’चे ‘अग’. ते टाळून केवळ शब्दान्तीचे अनुस्वार पुसले, तरी ‘घरीं’मधील सप्तमीची आणि नपुंसकलिंगी रूपांतील व्याकरणाची खूण नाहीशी होते. जुन्या मराठीच्या विभक्तींचा अभ्यास ज्यावर उभा आहे, तीच सामग्री शोधाच्या सोयीसाठी खर्ची पडते.

ज्ञानेश्वरीच्या पाठपरंपरेचा विचार येथे उपयोगी पडेल. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये आपल्याला प्राचीन वाटलेल्या पोथीवरून वेगळी प्रत छापली आणि तिच्या आधारे जुन्या मराठीचे व्याकरण मांडले. या दोन्ही कृतींवर वाद होऊ शकतो आणि झालाही, कारण शुद्धी कोणी केली, कधी केली, कोणत्या भूमिकेतून केली हे माहीत आहे. रिप्लेसने केलेली शुद्धी हीदेखील पाठशुद्धीच आहे. फरक एवढाच, की तिला कर्ता नाही, शक नाही आणि पुष्पिका नाही.

७

या विवेचनातून संगणकीय साधने टाकून द्यावीत असा निष्कर्ष निघत नाही. शेकडो अभंगगाथांतून एखाद्या शब्दाची वाटचाल शोधणे एका आयुष्यात शक्य नव्हते, ते आता शक्य आहे. ‘घोडा’ या शब्दाच्या शोधात ‘घोड्याला’ सापडत नाही, कारण मराठीला सामान्यरूप आहे आणि लाइकच्या जुळणीला ते ठाऊक नाही. बुसांच्या लॅटिनपुढे हीच अडचण होती आणि ती त्यांनी माणसांच्या दीर्घ श्रमाने सोडवली. तेवढे श्रम आपणही केले पाहिजेत. मूळ मजकूर जसाच्या तसा एका रकान्यात ठेवून शोधासाठीचे सुलभीकृत रूप शेजारच्या रकान्यात ठेवणे ही त्याची पहिली पायरी. त्यामुळे फंक्शनाचा निर्णय मूळ पाठाला स्पर्श करत नाही आणि तो केव्हाही तपासता येतो.

दुसरी पायरी समीक्षेची आहे. संशोधित आवृत्तीच्या प्रस्तावनेत संपादक आधारभूत पोथ्या, त्यांची कुळे आणि पाठनिवडीचे निकष नोंदवतो. संगणकीय शब्दसूची किंवा शैलीगणना प्रसिद्ध करणाऱ्याने त्याच काटेकोरपणे सांगितले पाहिजे, की लांबी कोणत्या घटकाने मोजली, कोणते कोलेशन निवडले, कोणती चिन्हे गाळली, कोणती बदलली आणि कोणत्या क्रमाने. पदव्युत्तर प्रबंधांत तक्ते आणि टक्केवारी वाढत चालली असताना ही मागणी परीक्षकांनीही केली पाहिजे. संग्रहात असूनही शोधात न सापडणारी ओळ अभ्यासकाच्या लेखी नसल्यासारखीच असते. आणि ती का सापडली नाही याचे कारण बहुधा कवीत नसते, पोथीतही नसते. ते तीन, सात आणि एकवीस यांपैकी कोणती संख्या आपण न विचारता स्वीकारली, यात असते.